दातगाठवाल्याचा पहिला नंबर

आमच्या घरातल्या बायका बीडमधली हॉटेलं गाठींवरून ओळखायच्या. नावं पाट्यांवर असतात आणि पाट्या रस्त्यावर. आमच्यापर्यंत यायचं ते पार्सल. पाहुणे आले, पाऊसपाण्याचा दिवस असला किंवा पप्पांना नुसतीच हुक्की आली, की ते दुकानातून येताना हॉटेलातून भाजी आणायचे. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गरम रस्सा, त्यावर लाल तवंग, आणि पिशवीचं तोंड आवळून बांधलेलं. एक हॉटेलवाला पिशवीला रबर लावायचा. ते रबर माझी काकू धुऊन खिडकीच्या कडीला अडकवून ठेवायची. त्या कडीला रबरांचा एक गुच्छच झाला होता. दुसरा पिशवीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी मोकळी ठेवायचा. एक कान ओढला की गाठ सुटायची. तिसऱ्याची गाठ मात्र अशी कचकचून मारलेली असायची की नखं लावून काही होत नसे. पिशवी तोंडाशी धरून गाठ दातांनी तोडावी लागायची, आणि तोडताना हनुवटीवर रश्श्याचा एक थेंब हमखास उडायचा. म्हणून रबरवाला, कानवाला आणि दातगाठवाला. पप्पा विचारायचे, "भाजी कशी होती?" आई आतूनच म्हणायची, "रबरवाल्याचं मीठ आज सांडलं बाई." पप्पांना ती कुणाबद्दल बोलते हे कळायचं नाही, आणि कळून घ्यावं असंही त्यांना कधी वाटलं नाही.

ही हॉटेलं आईनं आणि काकूनं पाहिलेली नव्हती. आई लग्न होऊन बीडात आली तेव्हा मी कुठंच नव्हते. मी कॉलेजात जायला लागले तोवर तिला महादेवाचं देऊळ, भाजीमंडई, दवाखाना, साड्यांची दुकानं आणि नातेवाइकांची घरं एवढं बीड ठाऊक होतं. काकूचं माहेर उमापूरचं. ती बीडपेक्षा उमापूरबद्दल जास्त सांगू शकायची. दोघी पार्सलमधलं खायच्या तेही पुरुषांचं जेवण उरकल्यावर, उरलेलं, गार झालेलं, पातेल्याच्या तळाशी पनीरचा एखादा तुकडा लपला असेल तर तो माझ्या ताटात टाकून. तरी त्या प्रत्येक हॉटेलबद्दल तासभर बोलू शकायच्या. कानवाल्याकडं नवा आचारी आलाय, रबरवाला दाण्याचं कूट जास्त लावतोय, दातगाठवाल्याची डाळ चांगली पण पोळ्या कडक. न पाहिलेल्या गावाबद्दल बोलावं तसं ते बोलणं असायचं.

मी फार बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं मराठी बोललं की बाई दंड करायच्या आणि घरी इंग्रजी शब्द आला की काका हसायचे, "आली बघा मडम." मग मी दोन्हीकडं गप्प राहायला शिकले. गप्प माणसासमोर लोक काहीही बोलतात. मी पुस्तक पुढं धरून स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधल्या उंबऱ्यापाशी बसायचे. तिथून दोन्ही खोल्या ऐकू यायच्या. आज माझी कुणी तारीफ करताना म्हणतं की तुझं निरीक्षण फार बारीक आहे, तेव्हा मला तो उंबरा आठवतो. ते निरीक्षण वगैरे काही नव्हतं. बसायला दुसरी जागा नव्हती.

मी कॉलेजात होते त्या वर्षी पुण्याकडचा कुणी मुलगा मोबाइलवर व्हिडिओ काढत आपल्या भागात फिरून गेला आणि "बीडमध्ये खायला खास काही नाही, एक टपरी तेवढी बरी" असं सांगून गेला. तो व्हिडिओ मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. पप्पांचं मोंढ्यात सरकी-पेंडीचं दुकान. दरवर्षी दुकानातर्फे गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटायचे, मागच्या पानावर आठवडी बाजारांचे वार छापलेले असायचे. पप्पांनी जाहीर केलं की यंदा बाजारांचे वार जाऊ द्या, मागं छापायचं ‘बीडची सर्वोत्कृष्ट दहा हॉटेलं’. मराठीत आणि इंग्रजीत. मराठी मजकूर पाहायला माळवदे सर, ते निवृत्त हेडमास्तर. इंग्रजीला मी. बाकी समितीत गुत्तेदारकाका, ज्यांनी अर्ध्या बीडच्या नाल्या बांधल्या होत्या, आणि नंदूकाका, पप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. दर रविवारी सकाळी आमच्या बैठकीत ही चौघं बसायची आणि दुपारपर्यंत भांडायची.

भांडण कशावरून नसायचं! टपरीला हॉटेल म्हणायचं का, इथून सुरुवात.

"हॉटेल म्हणजे खुर्ची पायजे," गुत्तेदारकाका म्हणायचे. "जिथं उभ्यानं खावं लागतंय त्याला हॉटेल कसं म्हणता बे?"

"मग तू रोज उभ्यानं भजे हाणतोस ते काय?" नंदूकाका.

"ते खाणं हाय. हॉटेल न्हाई."

मग पालीच्या धरणाकडं जाताना जो धाबा लागतो, तो बीडात धरायचा की नाही? सर म्हणायचे, नगरपालिकेची हद्द हा निकष असावा. गुत्तेदारकाका म्हणायचे, हद्द मी बांधलेल्या नालीपर्यंत हाय, नाली धाब्यापर्यंत गेलती, म्हणजे धाबा बीडात. आणि दर रविवारी, विषय कुठलाही असो, नंदूकाका घाटनांदूरच्या एका चिवड्यावर यायचे.

"अरे पण ते अंबाजोगाई तालुक्यात येतंय," पप्पा ओरडायचे.

"यिऊ द्या की. चव तर बगा."

"सासरवाडी हाय त्येची," गुत्तेदारकाका सरांना सांगायचे, दर वेळी नव्यानं. "चिवडा न्हाई, बायको खूश ठेवायलाय."

आत हे सगळं ऐकू यायचं आणि काकू पदर तोंडात धरून हसायची. मलाही हसू यायचं. ही माणसं मजेशीर होती, हे मी नाकारत नाही. आत सुशीला व्हायचा, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हळद-मिरची घालून केलेला नाश्ता; त्यावर दाळव्याचं कूट; मग धपाटे, लसणाची चटणी, दही; मग चहा, मग पुन्हा चहा. सगळ्यात चांगलं हॉटेल कोणतं यावर ती चौघं आमच्या घरचं खात भांडायची, आणि प्लेटा आत येताना चाटून पुसून आलेल्या असायच्या. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. घरच्या खाण्यावर कोण बोलतं?

अशाच एका रविवारी पप्पांना दातगाठवाल्याची बाजू मांडायची होती. तो त्यांचा दोस्त. कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसणारा, पप्पांबरोबर सोमवारी देवळात जाणारा. त्याच्या हॉटेलचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या घरात जे होतं तेच पुरे. पप्पा म्हणाले, "बाकी सोडा. त्याच्याकडचा भटुरा. असा टम्म! डोक्याएवढा. पोरगा ताट घेऊन येतो तेव्हा अख्खं हॉटेल वळून बघतं. बोट लावलं की फुस्स करून वाफ. अरे, तो खायचा नंतर, आधी बघायचा असतो."

आई तेव्हा कढईपाशी होती. तिनं झारा कढईवर टेकवला.

"फुगलेला असतो?" तिनं काकूला हळूच विचारलं.

"काय की बाई. आपल्याकडं तर पायपुसण्यावाणी येतंय."

"मला वाटलं, तो तसाच असतो," आई म्हणाली. "चिवट. म्हटलं यांना काय एवढं आवडतं त्यात."

आणि ती पुन्हा तळायला लागली. बस, एवढंच. पण मी उंबऱ्यावर बसून तिच्या पाठीकडं बघत राहिले. कितीदा तो भटुरा घरी आला होता. कागदात गुंडाळलेला, घाम येऊन मऊ पडलेला, चपटा, चघळावा लागणारा. आईनं तो दर वेळी मुकाट चघळला होता आणि आपल्यालाच त्यातलं काही कळत नाही असं धरून चालली होती. ती वस्तू काय आहे हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. पप्पांनी ते वर्णन दोस्तांना केलं. एका भिंतीपलीकडं.

मी त्या रात्री ठरवलं नाही. मी ठरवणाऱ्यांतली नव्हते. पण पुढच्या आठवड्यात पप्पा आणि काका माल बघायला जालन्याला गेले, आणि दुपारी भांडी घासून झाल्यावर मी आईला म्हणाले, "चल."

"कुठं?"

"भटुरा बघायला."

काकू आधी तयार झाली. "मी येते. मला घरात ठिवून जाताल तर बगा." आईनं नाही नाही म्हणत साडी बदलली, पुन्हा बदलली, आधी देवळाला नेसते ती, मग लग्नाकार्याला नेसते त्याहून जरा हलकी. हॉटेलात कोणती नेसतात हे तिनं मला विचारलं. मला तरी कुठं ठाऊक होतं? मैत्रिणींबरोबर मी बेकरीत पॅटिस खाल्लं होतं तेवढंच. ऑटोत काकू मधे बसली. बिंदुसरेचा पूल ओलांडताना आई म्हणाली, "लोक काय म्हणतील," पण ती हसत होती. मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं असं लिहिणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ती काकूबरोबर रोज हसायची. घराबाहेर हसताना मात्र मी पहिल्यांदा पाहत होते.

दातगाठवाल्याचं हॉटेल आतून एका लांबट खोलीएवढं होतं. सगळ्या टेबलांवर पुरुष. वर टीव्ही चालू. जिन्यापाशी भिंतीवर बाण काढून लिहिलेलं, ‘फॅमिली रूम वर आहे’. आम्ही वर गेलो. वर मळका पडदा, पडद्याआड कांद्याची पोती, उलट्या रचलेल्या खुर्च्या आणि एक पंखा, ज्याची वायर तोडून बाजूला गुंडाळून ठेवली होती. आमच्यामागून वेटर धावत आला. चाळिशीचा माणूस, खांद्यावर फडकं.

"जेन्ट्स येऊ लागलेत का मागून?"

"नाही. आम्हीच आहोत," मी म्हणाले.

"जेन्ट्स न्हाई?" त्यानं आईकडं बघून विचारलं, जणू मी चुकून तसं बोलले असेन. "मग मालकाला इचारा ताई. आमी तसं देत न्हाईत."

खाली आलो. टेबलांवरची सगळी तोंडं आता आमच्याकडं होती. मालकानं आईला ओळखलं, घाईघाईनं उठला, हात जोडले.

"वहिनी! तुमी कशाला तरास घेतला? फोन करायचा की. घरपोच पाठवलं असतं."

"आम्हाला बसायचंय," मी म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की त्यानं पुन्हा विचारलं आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

तो अजिबात उद्धट नव्हता. मला आजही त्याचाच राग येतो. उद्धट असता तर आम्ही भांडलो असतो. तो गुळासारखा बोलत होता. "बसा की, तुमचंच हॉटेल हाय. पण लेडीज एकट्या बसल्या की गिऱ्हाईक बगत्यात. उद्या कुणी काही बोललं तर मी शेठला काय तोंड दाखवू? शेठ संगं असते तर वरची रूम साफ करून दिली असती."

"एकट्या कावून?" काकू म्हणाली. "तिघी हावोत की. दिसंना का?"

खाली कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी हसलं. मालकही हसला. "तुमी लई इनोदी, वहिनी." आणि त्यानं मोबाइल काढून पप्पांना फोन लावला. आमच्यासमोर. "शेठ, घरची मंडळी आलीत हॉटेलात. हाव. न्हाई न्हाई, काही न्हाई, सहज. बरं. बरं. करतो." फोन खिशात ठेवत तो आईला म्हणाला, "शेठ म्हनले पार्सल द्या. दोन मिनिटं थांबा, गरम काढतो."

म्हणजे आम्ही तिघी तिथं उभ्या असताना, आम्ही काय खायचं आणि कुठं, हे जालन्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारून ठरलं.

आम्ही थांबलो. का थांबलो, हे मी स्वतःला कितीदा विचारलंय. निघून जायला हवं होतं. पण आईच्या दृष्टीनं तो पप्पांचा दोस्त होता, त्यानं हात जोडले होते, आणि हात जोडलेल्या माणसाला पाठ दाखवायची तिला सवय नव्हती. ती गल्ल्याशेजारी पदर खांद्यावर ओढून उभी राहिली. तेवढ्यात आतलं दार ढकलून तोच वेटर बाहेर आला. हातात ताट, ताटात भटुरा. खरंच डोक्याएवढा, सोनेरी, टम्म, चालताना किंचित हलणारा. तो आईच्या अगदी कोपराजवळून गेला. आईची मान त्याच्याबरोबर वळली. कॉलेजच्या पोरांचं टेबल होतं. त्यातल्या एकानं मोबाइलकडं बघतच त्यात बोट खुपसलं. वाफ निघाली. पोरानं पाहिलंसुद्धा नाही.

आईनं पाहिलं.

मग आमच्या हातात पार्सल आलं. छोल्यांच्या पिशवीला तीच गाठ. ऑटोत ती पिशवी आणि कागदाचं पुडकं आईच्या मांडीवर होतं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं होतं, कुणाचं तरी मूल धरावं तसं, सांभाळून, आणि कागद हळूहळू ओला होत होता. घरी आल्यावर आईनं पुडकं उघडलं. चपटे.

"मी न्हाई खात," काकू म्हणाली. "मसणात गेला त्येचा भटुरा."

आईनंही खाल्ला नाही. रात्री पप्पा आल्यावर तिनं तेच गरम करून त्यांना वाढलं. पप्पा खुशीत होते. "अगं, मला सांगायचं. मी नेलं असतं," ते म्हणाले. "उगं त्या बिचाऱ्याला अवघडात टाकलं." आणि काकांकडं बघून हसले, "लेडीज पार्टी गेलती म्हणे हॉटेलात."

पप्पा वाईट माणूस नव्हते, हे लिहायची मला दर वेळी घाई होते. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, कधी हात उगारला नाही, आजारपणात उशाशी बसले. हे सगळं खरं आहे. पण इथं ती घाई मी करणार नाही. ‘मी नेलं असतं’ हे वाक्य वापरायला त्यांच्याकडं आईच्या लग्नापासूनचा सगळा काळ होता.

त्या आठवड्यात आई नेहमीसारखीच वागली. मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला तर म्हणाली, "जाऊ दे. बघितला ना." दोरीवर प्लास्टिकच्या धुतलेल्या पिशव्या वाळत होत्या, पण त्या आमच्याकडं कायमच वाळत असायच्या, दूध, दही, डाळी, कशाकशाला लागतात. मी फक्त माझ्या रागात होते. अंघोळ करताना, बसमध्ये, वर्गात बसून मी मालकाला उत्तरं देत होते, आणि ती सगळी इंग्रजीत येत होती, लांब, टापटीप, कुणाच्याच उपयोगाची नसलेली.

रविवारी समितीची शेवटची बैठक होती. यादी पक्की करून छापायला द्यायची होती. चार निकष ठरले होते: चव, स्वच्छता, दर, कौटुंबिक वातावरण. पालीकडचा धाबा बीडात आला, टपरी बाहेर गेली, घाटनांदूरचा चिवडा ‘विशेष उल्लेख’ म्हणून खाली कोपऱ्यात बसला आणि नंदूकाकांनी खुशीत मांडीवर थाप मारली. पहिल्या नंबरावर एकमत झालं. दातगाठवाला.

"गौरी, ये इकडं," माळवदे सरांनी हाक मारली. "वही घेऊन. मी मराठी सांगतो, तू शेजारी इंग्रजी लिही."

मी उंबऱ्यावरून उठले. सरांचा आवाज वर्गातला होता. "क्रमांक एक. चव, उत्तम. स्वच्छता, उत्तम. कौटुंबिक वातावरण, अत्युत्तम. याला काय म्हणशील इंग्रजीत?"

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते तिथंच राहिलं.

"मी नाही लिहिणार."

"काय येत न्हाई?" गुत्तेदारकाका म्हणाले. "एवढी फी भरून?"

"येतं. लिहिणार नाही." मी वही मिटली. मराठीच आलं तोंडात, आईचं, तुटक. "आई बसली होती का तिथं कधी? काकू? तुमच्या घरातलं कुणी? सर, तुमच्या बाई कोणत्या टेबलावर बसतात?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. नंदूकाका पप्पांकडं बघायला लागले. गुत्तेदारकाका हसले, पण ते हसू मधेच थांबलं.

"वरती रूम हाय की फॅमिलीसाठी," ते म्हणाले.

"कांदे आहेत तिथं," मी म्हणाले. "कांद्यांची पोती."

"गौरी." पप्पांचा आवाज खाली आला. चारचौघांत ते ओरडायचे नाहीत. "काय तमाशा लावलाय? कशाची कमी हाय तुम्हाला? आणतोच की आपण. गरम गरम, घरबसल्या मिळतंय. मोठ्यांत बोलायचं न्हाई. आत जा."

कॅलेंडर निघालंच. इंग्रजी मजकूर नंदूकाकांच्या पुतण्यानं लिहिला. ते वर्षभर आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं होतं आणि आईनं दुधाचे खाडे त्यावर मांडले, दातगाठवाल्याच्या पहिल्या नंबराच्या नेमक्या दुसऱ्या बाजूला. आज कुणी मला सांगतं की बोलल्यानं फरक पडतो, तेव्हा मी मान हलवते आणि त्या खिळ्याची आठवण काढते. माझ्या बोलण्यानं त्या यादीतलं एक अक्षर हललं नाही.

पण तो रविवार अजून संपला नव्हता. मी आत जायला वळले तर दारात आई उभी होती. नाश्त्याची वेळ झाली होती. तिच्या हातात मोठं ताट होतं, मागं काकू, तिच्या हातात दुसरं. दोघींनी ती ताटं समितीच्या मधोमध, वहीच्या शेजारी ठेवली.

ताटांत प्लेटा नव्हत्या. पिशव्या होत्या. सुशीला पिशवीत. दही पिशवीत. चटणी पिशवीत. धपाटे वर्तमानपत्रात गुंडाळलेले, कागदाला तेल सुटलेलं. आणि चहा, चौघांचा चार पिशव्यांत, उकळता, प्लास्टिक फुगून टम्म झालेलं. प्रत्येक पिशवीचं तोंड आवळून आवळून बांधलेलं, गाठीवर गाठ. इतकी वर्षं ज्या गाठी तिनं सोडवल्या, त्या तिला बांधताही येत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"वहिनी, हे काय?" नंदूकाकांनी विचारलं.

"पार्सल," आई म्हणाली.

"घरबसल्या," काकू म्हणाली. "गरम गरम."

सरांनी एक पिशवी उचलली, चटका बसला म्हणून खाली ठेवली. गुत्तेदारकाकांनी गाठीला नख लावून पाहिलं, फिरवून पाहिलं, पुन्हा लावलं. नंदूकाका कागदाचं पुडकं घेऊन नुसतेच बसले. पप्पांची मान लाल झाली होती. त्यांनी चहाची पिशवी वरच्या टोकाला चिमटीत धरली, दुसऱ्या हातानं गाठ ओढली, ओढली, ती आणखी घट्ट झाली. दातांनी तोडतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग आयुष्यभराच्या सवयीनं, वर न बघता, त्यांनी ती पिशवी आईपुढं धरली.

आईनं हात पुढं केला नाही. ती उभी राहिली, आणि आम्ही तिच्या मागं; पिशवी तिच्यासमोर तशीच लोंबकळत राहिली, आणि आतला चहा हळूहळू गार होत गेला.